नदीचा गर्भ, तीर व क्षेत्र : पुण्याच्या मुठेच्या पुरांची मीमांसा

जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्यांस नदीचा उल्लेख नवा नाहीं. हद्दीच्या महजरांत नदी असते, इनामपत्राच्या चतुःसीमेंत नदी असते, लष्करी पत्रांत नदीस पाणी आल्यामुळें मुक्काम पडल्याची हकीकत असते, आणि ताम्रपटांतील स्थलनिश्चयासही नदीचें नांव पुष्कळदां उपयोगी पडतें. असें असूनही नदी स्वतः कशी वागते, ती आपलें पात्र कसें घडविते व तिला पूर कां येतो, याचा विचार आपल्या अभ्यासांत क्वचितच होतो. आपण नदीस नकाशावरील एक रेषा समजतों. वस्तुतः नदीस रुंदी आहे, आणि ती रुंदी ऋतूप्रमाणें बदलते. एवढी गोष्ट दृष्टीआड झाली म्हणजे जुन्या लेखांचा अर्थ लावण्यांत घोटाळा होतो. परंतु त्याहून फार मोठें नुकसान नदीकांठीं राहणाऱ्यांचें होतें, हें पुण्यानें २०१९ व २०२४ या सालीं पाहिलें आहे.

पूर म्हणजे नदीनें आपली हद्द ओलांडणें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रस्तुत लेखाचें प्रतिपाद्य असें कीं, बहुतेक पूर नदीच्या हद्दीच्या आंतच येतात. ती हद्द कोठें आहे हें आपण विसरलेले असतों, आणि ती पुन्हा शोधून काढण्याचीं कांहीं साधनें जुन्या कागदांच्या संग्राहकांपाशींच आहेत.

१. ग्रंथांतील नदीमर्यादा

अमरसिंहानें वारिवर्गांत नदीच्या अंगांस निरनिराळीं नांवें दिलीं आहेत. कूल, रोधस्, तीर, प्रतीर व तट हे कांठाचे पर्याय. दोन तीरांमधील जें अंतर तें पात्र. पाण्यांतून वर आलेली भूमि तें पुलिन. तीच वाळूची असल्यास सैकत. आणि पाण्यानें वेढलेली भूमि तें द्वीप अथवा अंतरीप. शाळेंत हे शब्द पाठ करून घेण्याची रीत असे, व प्रस्तुत लेखकानेंही अनेक वर्षें ती पाळली. पण बारकाईनें पाहिल्यास ही नदीच्या भूरूपांची पद्धतशीर वर्गवारी आहे असें दिसून येईल. त्यांतील 'पात्र' हा शब्द मराठीनें जसाच्या तसा ठेविला, आणि डोह, उतार, थडी, दरड, पुळण, मळई हे आपले शब्द त्यास जोडले.

याहून महत्त्वाची एक व्याख्या धर्मनिबंधांत आहे. गंगेच्या माहात्म्यासंबंधीं जीं पुराणवचनें निबंधकारांनीं उद्धृत केलीं आहेत, त्यांत नदीचे तीन भाग सांगितले आहेत : गर्भ, तीर व क्षेत्र. भाद्रपद कृष्ण चतुर्दशीस पाणी जेथपर्यंत पोंचतें तो गर्भ. त्यापुढें दीडशें हातपर्यंत तीर. आणि तीरापासून गव्यूतिमात्र, म्हणजे दोन कोसपर्यंत, क्षेत्र. तीर सोडून क्षेत्रांत वास करावा, तीरावर राहणें इष्ट नाहीं, अशा आशयाचेंही वचन आहे. म. म. पां. वा. काणे यांनीं आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडांत (१९५३) गंगेच्या प्रकरणीं या विभागांचा परामर्श घेतला आहे.

या वचनांचा हेतु तीर्थाचें पावित्र्य सांगण्याचा आहे, पुराची व्यवस्था लावण्याचा नाहीं. तेव्हां त्यांवरून प्राचीनांस सर्व विद्या अवगत होत्या असा निष्कर्ष काढणें योग्य होणार नाहीं. तथापि मोजणीचें तत्त्व ध्यानांत घेण्याजोगें आहे. येथें मोजणी उन्हाळ्यांतील धारेपासून केलेली नसून पावसाळ्यांतील भरलेल्या पाण्यापासून केली आहे. तिथि गंगेची आहे. मुठेसारख्या सह्याद्रीच्या नद्यांस मोठें पाणी बहुधा आषाढ-श्रावणांत येतें, सबब आपणांस तिथि बदलावी लागेल. तत्त्व मात्र तेंच राहील : नदीचें सर्वांत मोठें नेहमीचें पाणी जेथें पोंचतें, तेथपर्यंत नदीचें घर आहे.

२. सह्याद्रीपासून संगमापर्यंत

आतां हें पाणी येतें कोठून तें पाहूं. मुठा मुळशी तालुक्यांत सह्याद्रीच्या माथ्याजवळ उगम पावते. मोसी व अंबी या नद्यांचें पाणी तिला मिळतें, आणि खडकवासल्यावरून ईशान्येस वाहत ती पुण्यांत येते. संगमावर तिला मुळा भेटते. मुळेनें त्यापूर्वींच दापोडीजवळ पवनेस पोटांत घेतलेलें असतें. पुढें मुळा-मुठा या जोडनांवानें ती पूर्वेस जाऊन रांजणगांव सांडसापाशीं भीमेंत विलीन होते.

या प्रवासांतील पहिला विशेष पावसाचा आहे. पुणें शहरांत वर्षास सरासरी ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पश्चिमेस पन्नास-साठ किलोमीटरांवर ताम्हिणीच्या घाटांत ५,००० मिलिमीटरांहूनही अधिक पडतो. म्हणजे पुण्याच्या पुलाखालून जाणारें पाणी मुख्यतः पुण्याचें नसतें. तें घाटमाथ्याचें असतें. शहरांत ऊन पडलेलें असतांना नदी दुथडी भरून वाहावी, याचें कारण हेंच.

दुसरा विशेष खडकाचा आहे. हा सर्व प्रदेश सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाच्या थरांनीं बनलेला आहे. काळा कातळ कठीण व पावसाच्या मानानें अल्पशोषक. त्यावर डोंगरउतारांवर मातीचा थर पातळ. पहिल्या पावसांत ती माती भिजते. एकदां ती तृप्त झाली म्हणजे पुढील पावसाचा बहुतेक भाग जमिनींत न मुरतां ओढ्यांतून नदीस मिळतो. म्हणून जूनच्या आरंभीं पडलेल्या मोठ्या सरीनें जो पूर येत नाहीं, तो जुलैअखेर तेवढ्याच सरीनें येतो.

वाहतें पाणी तीन कामें करितें : झीज, वहन व भर. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर तें पूर्वीच्या चौसष्टपट वजनाचा धोंडा ढकलूं शकतें, असा एक स्थूल नियम आहे. त्यावरून वर्षांतील थोडेच पुराचे दिवस पात्र घडविण्याचें बहुतेक काम कां करितात हें समजतें. खडकाळ पात्रांत भोंवऱ्यांत सांपडलेले गोटे गरगर फिरून कातळास भोंकें पाडितात. पारनेर तालुक्यांतील निघोज येथें कुकडीच्या पात्रांतील प्रसिद्ध रांजणखळगे असेच झालेले आहेत. उतार कमी झाला कीं वेग मंदावतो, व आणलेलें ओझें नदी टाकूं लागते : आधीं गोटे, मग वाळू, शेवटीं बारीक गाळ. पुराचें पाणी कांठावर पसरलें म्हणजे तेंही मंदावतें आणि गाळाचा थर ठेवून जातें. वर्षानुवर्षें असे थर सांचून कांठचें सपाट मैदान तयार होतें. शेतकऱ्यास सुपीक आणि घर बांधणाऱ्यास सोयीची वाटणारी ही सपाटी पुरानेंच केलेली असते. जमीन सपाट आहे, हीच तेथें पाणी येत असल्याची खूण होय.

३. कांठाचें तुटणें व मळईचें पडणें

नदी वळण घेते तेथें बाहेरच्या बाजूस पाण्याचा मारा अधिक असतो; तो कांठ खालून पोखरला जाऊन दरड कोसळते. आंतल्या बाजूस पाणी संथ असतें; तेथें वाळू व गाळ सांचून मळई वाढते. अशा रीतीनें वळण हळूहळू बाहेर सरकत जातें, व एका गांवची जमीन घटून समोरच्या गांवची वाढते.

हा व्यवहार स्मृतिकारांनीं नेमका टिपला आहे. नारदाच्या मतें सीमा पांच प्रकारच्या. त्यांपैकीं जलाशयानें दर्शविलेली ती 'मत्स्यिनी'. बृहस्पति याहून पुढें जातो. नदी ही दोन गांवांची मर्यादा असतां ती एकीकडील कांठ पाडिते व दुसरीकडे भूमि स्थापन करिते. ती भूमि ज्याच्या बाजूस गेली त्याच्याकडून काढून घेऊं नये, असें तो सांगतो. परंतु उभें पीक असलेलें शेत नदीच्या प्रवाहानें एकाएकीं तोडलें गेलें, तर तें मूळ स्वामीसच मिळावें, असा अपवादही तो करितो. हळूहळू पडणारी मळई आणि एका पुरांत झालेला पात्रबदल हे दोन निराळे व्यापार आहेत हें ओळखल्याखेरीज असा भेद सुचणें शक्य नाहीं. आजचे भूरूपशास्त्रज्ञही हाच भेद करितात.

संग्राहकांस याचा प्रत्यक्ष उपयोग असा : एखाद्या कागदांतील 'नदी पूर्वेस' या शब्दांवरून आजच्या नकाशावर सीमा आंखण्यापूर्वीं, तेथें नदी खडकांतून वाहते कीं गाळांतून, हें पाहावें. खडकांतील पात्र शतकानुशतकें बहुधा तेथेंच असतें; गाळांतील पात्र सरकलेलें असण्याचा संभव मोठा.

४. पुराचीं कारणें

पुराचें मूळ कारण पाऊस. पण पुराची उंची व हानि इतर गोष्टींवर अवलंबून असते. त्यांपैकीं मुठेस लागू पडणाऱ्या मुख्य गोष्टी चार.

पहिली, संगमाचा फुगवटा. मुळेचें पाणी चढलेलें असलें म्हणजे मुठेच्या पाण्यास पुढें वाट मिळत नाहीं. तें मागें तटतें व कांठ चढतें. दुसरी, पात्राचा संकोच. पात्रांत भराव, भिंती, रस्ते व पुलांचे खांब आले कीं तेवढेंच पाणी अधिक उंचीनें वाहतें. तिसरी, शहराची फरसबंदी. माती झांकली गेल्यानें पाणी मुरत नाहीं, व ओढ्यांचे पूर जलद आणि उंच येतात. चौथी गोष्ट धरणांची, व ती जरा विस्तारानें सांगणें अवश्य आहे.

मुठेच्या पाणलोटांत खडकवासला, पानशेत, वरसगांव व टेमघर अशीं चार धरणें आहेत. चोहोंची मिळून साठवण सुमारें २९ अब्ज घनफूट. त्यांत शहरास सर्वांत जवळच्या खडकवासल्याची मात्र दोन अब्ज घनफुटांच्याही आंत. धरणें पावसाळ्याच्या आरंभींचे व मध्यम पूर अडवितात. त्यामुळें खालचें पात्र पुष्कळ वर्षें कोरडें दिसतें, आणि लोकांस तें मोकळी जमीन वाटूं लागतें. पण वरचीं धरणें भरलीं, अथवा त्यांच्या खालच्या व खडकवासल्याच्या वरच्या डोंगरांतच पाऊस कोसळला, म्हणजे तें लहानसें धरण हां हां म्हणतां भरतें व दारें उघडावीं लागतात. धरणानें नदीचा गर्भ लहान होत नाहीं. तो फक्त नजरेआड होतो.

जलसंपदा खात्यानें नदीकांठीं दोन रेषा ठरविल्या आहेत. सरासरीनें पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती निळी, व शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती लाल. मुठेसाठीं हे आंकडे सेकंदास अनुक्रमें ६०,००० व १,००,००० घनफूट धरले जातात. 'पंचवीस वर्षांतून एकदां' याचा अर्थ एकदां येऊन गेला कीं पंचवीस वर्षें निश्चिंती, असा नव्हे. दरवर्षीं त्याचा संभव शेंकडा चार इतका, एवढाच त्याचा अर्थ. गणित केल्यास, निळ्या रेषेवर तीस वर्षें राहणाऱ्यास तो पूर एकदां तरी भेटण्याचा संभव शेंकडा सत्तर येतो; लाल रेषेवर राहणाऱ्यासही शेंकडा सव्वीस. निळी रेषा म्हणजे आजच्या भाषेंतील गर्भाची मर्यादा, व निळी आणि लाल यांमधील पट्टा म्हणजे तीर, असें म्हटल्यास फारसें वावगें होणार नाहीं.

५. पुण्याचे तीन पूर

पुण्याच्या अलीकडील तीन पुरांचीं कारणें तीन प्रकारचीं आहेत. तीं एकांत एक मिसळूं नयेत.

१२ जुलै १९६१ चा पूर धरणफुटीचा. पानशेतचें मातीचें धरण पुरतें बांधून होण्यापूर्वींच त्या पावसाळ्यांत भरलें. तें वांचविण्यासाठीं जवानांनीं रात्रभर वाळूचीं पोतीं रचलीं. तरी सकाळीं तें फुटलें, आणि त्या लोंढ्यानें खालील खडकवासल्याचें एकोणिसाव्या शतकांतील दगडी धरणही फुटलें. नदीकांठच्या पेठांतील हजारों घरें पडलीं वा निकामी झालीं, शेंकडों माणसें दगावलीं. हा पूर निसर्गक्रमांतील नव्हता. त्याची रेषा गर्भाच्या व तीराच्याही बाहेर गेली. जुन्या वाड्यांतून पिढ्यान् पिढ्या जपलेले कागदही अशा वेळीं घरांबरोबरच जातात, हें आपणांस सांगावयास नको.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रींचा पूर ओढ्याचा. आंबील ओढा कात्रजच्या डोंगरांतून येतो. अठराव्या शतकांत नानासाहेब पेशव्यांच्या वेळीं कात्रज येथें तलाव बांधून पाणी शहरांत आणिलें गेलें, पर्वतीच्या पायथ्याशीं तळें झालें, आणि पूर्वीं शहरांतून जाणारा ओढ्याचा मार्ग पश्चिमेकडे वळविण्यांत आला. ओढ्याचा पाणलोट लहान व तीव्र उताराचा असतो. म्हणून त्याचा पूर तासाभरांत चढतो व तितक्याच लवकर ओसरतो, आणि सावध होण्यास अवधि देत नाहीं. त्या रात्रीं कात्रज, सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी या भागांत पाणी घुसलें, व शहर आणि परिसर मिळून वीसाहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. वर्षांतील अकरा महिने ज्यास नाला म्हणून हिणविलें जातें, त्यासही गर्भ आहे, हा त्या रात्रीचा अर्थ.

२५ जुलै २०२४ चा पूर विसर्गाचा. खडकवासल्यावरील डोंगरांत अतिवृष्टि झाल्यानें धरणांतून सेकंदास सुमारें ३५,००० घनफूट पाणी सोडावें लागलें, आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी व आसपासच्या वसाहतींत लोक झोपेंत असतांच तें घरांत शिरलें. हा आंकडा निळ्या रेषेच्या आंकड्याहून पुष्कळ कमी आहे. म्हणजे येथें नदी घरांत आली असें म्हणण्यापेक्षां, घरें नदींत होतीं असें म्हणणें वस्तुस्थितीस अधिक धरून होईल. त्यांत राहणाऱ्यांचा यांत दोष नाहीं; त्यांस ही मर्यादा कोणीं दाखविलीच नव्हती.

६. पूर्वजांची व्यवस्था

जुन्या वसाहती व बांधकामें पाहतां, नदीचा हा स्वभाव ओळखून वागल्याचीं उदाहरणें मिळतात. शिरूर तालुक्यांतील इनामगांव येथें, घोड नदीच्या कांठीं, डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ या काळांत उत्खनन केलें. इ. स. पूर्वीं सुमारें १६०० ते ७०० या काळांतील त्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीस पुराचें पाणी वळविणारा पाट व दगडमातीचा बांध असल्याचें आढळलें. आपल्या गांवगाड्यांतही 'काळी' व 'पांढरी' हा भेद आहे : काळी पिकाची, पांढरी वस्तीची; आणि पांढरी सामान्यतः आजूबाजूच्या भूमीहून उंच असते. पुण्याचा जुना कसबाही मुठेच्या उजव्या कांठच्या अशाच उंचवट्यावर वसला.

देवालयें मात्र नदीच्या अगदीं जवळ असत. पण तीं पाणी येणार हें धरूनच. वाईस कृष्णेच्या घाटावर रास्त्यांनीं १७६२ सालीं बांधिलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागील भिंत माशाच्या आकाराची निमुळती आहे. त्यामुळें पुराचें पाणी दुभंगून बाजूनें निघून जातें. नरसोबाच्या वाडीस तर कृष्णेचें पाणी गाभाऱ्यांतून वाहूं लागलें म्हणजे दक्षिणद्वाराचा सोहळा होतो. देव तीरावर, माणूस क्षेत्रांत, अशी ही वांटणी होती.

७. संग्राहकांस विनंती

धरणें होण्यापूर्वींचा मुठेचा स्वाभाविक पूर केवढा होता, हें धरणांनंतरच्या मोजमापांवरून पुरतें कळणें कठीण. येथें जुने कागद कामास येतात. आपापल्या संग्रहांतून पुढील गोष्टी टिपून ठेवाव्या, अशी विनंती आहे. एक, नदी उतरूं न शकल्यानें मुक्काम पडल्याचे उल्लेख, तिथि व स्थळ यांसह. दोन, नदीनें जमीन तोडल्याचे, मळई पडल्याचे, अथवा त्याबद्दल सूट मागितल्याचे उल्लेख. तीन, ओढे, पाट, घाट, बांध व तळीं यांच्या दुरुस्तीचे हिशेब. चार, घाटांवर, देवळांवर व वाड्यांवर असलेल्या पुराच्या खुणा, जमिनीपासूनच्या उंचीसह. तिथि शकासह असल्यास इंग्रजी तारीख काढून लिहावी, व मूळ शब्द जसेच्या तसे उतरून घ्यावे. 'पाणी फार' आणि 'पाणी घाटावर आलें' यांत शास्त्रदृष्ट्या मोठें अंतर आहे.

दुसरी विनंती संग्रहांच्या रक्षणाविषयीं. आपलें दप्तर ज्या इमारतींत आहे ती निळ्या वा लाल रेषेच्या आंत आहे काय, तसेंच जवळून एखादा जुना ओढा गेला आहे काय, हें एकदां पाहून घ्यावें. तळमजल्यावर पोथ्या ठेवूं नयेत. दुर्दैवानें कागद भिजलेच, तर चिकटलेलीं पानें ओढून सोडवूं नयेत. काजळाच्या शाईवरून हात फिरवूं नये. कडक उन्हांत टाकूं नयेत. पुडकें सपाट फळीवर उचलून वारा खेळत्या सावलींत ठेवावें. दोन दिवसांत बुरशी धरूं लागते. म्हणून संग्रह मोठा असल्यास तो ताबडतोब गोठवून ठेवून मग जाणकारांकडून सावकाश वाळविणें हा आज मान्य झालेला उपाय होय.

नदीच्या गर्भाची मर्यादा पूर्वीं तिथीनें सांगितली जात असे, आज ती रेषेनें सांगितली जाते. दोन्हींचा आधार एकच : पूर्वीं पाणी कोठपर्यंत आलें होतें, याची कोणीतरी ठेविलेली आठवण. ती आठवण ज्या कागदांत आहे ते आपल्या हातीं आहेत. त्यांतील नोंदी बाहेर आल्या, तर इतिहासास त्यांचा उपयोग होईलच, आणि नदीकांठीं घर घेऊं पाहणाऱ्या एखाद्या कुटुंबासही होईल.